खाडीकाठची आखाजी

आखाजी जवळ आली की मला आधी राग येतो आणि मग आंब्याचा वास येतो. हा क्रम उलटा आहे, हे मलाही कळतं. सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या नाक्यावर लाल घागरी मांडून बाई बसली, की आमच्या बिल्डिंगमधल्या बायका खाली उतरतात, घागरीवर टिचक्या मारून बघतात, भावावरून घासाघीस करतात, हसतात. मी घागर हातात घेते आणि मनातल्या मनात एका साहेबांशी भांडायला लागते. साहेब रिटायर होऊन जमाना झाला. कदाचित ते आता नसतीलही. पण माझं भांडण काही अजून मिटलेलं नाही.

मी मूळची परभणीची. आमच्याकडे अक्षय्य तृतीया एका दुपारीत उरकायची. घागर पुजली, आमरस झाला, पुरुषमंडळी पालथी पडून घोरायला लागली की सण संपला. लग्न होऊन सुरतेला आले, लिंबायतच्या कडेला खाडीकाठी खोली मिळाली, आणि शेजारपाजार सगळा मागाच्या कारखान्यांत राबणारा खानदेशी निघाला. तेव्हा मला आखाजी म्हणजे काय ते कळलं. दिवाळीला एक वेळ लेक माहेरी आली नाही तर चालेल, आखाजीला आलीच पाहिजे. भुसावळ लाइनच्या पॅसेंजरमधून लेकी उतरायच्या, कडेवर पोरं, डोक्यावर सांजोऱ्यांचे डबे. गल्लीत झोके बांधायचे. दोर विकत कोण आणतो? मागावर उरलेल्या धाग्यांची वेणी घालून बायकाच दोर वळायच्या, आणि तो दोर गुलाबी, पोपटी, जांभळा, असा कुठल्याकुठल्या साड्यांचा असायचा.

झोका पूर्वी कडुलिंबाला बांधत. रस्ता रुंद करायचा म्हणून पालिकेने तो लिंब तोडला आणि बदल्यात दोन झाडं लावून देतो म्हणाले. काही महिन्यांनी झाडाभोवती लावायचा लोखंडी पिंजरा आला. झाड आलं नाही. पिंजरा रिकामा किती दिवस ठेवायचा, म्हणून शेजारच्या सिंधूजिजीने त्यात कोंबड्या ठेवल्या. झोका मग कारखान्याच्या लोखंडी अँगलला बांधायचा, आणि वैशाखात तो अँगल इतका तापायचा की दोर बांधणारा माणूस हाताला फडकं गुंडाळून वर चढायचा. पत्र्याच्या खोल्यांत दुपारी बसवत नसे. सगळी गल्ली त्या न आलेल्या झाडाच्या सावलीला बसायला बाहेर यायची, असं मी चेष्टेने म्हणायची. कुणी हसत नसे.

तर सिंधूजिजी. आमच्या भिंतीला भिंत लागून तिची खोली. नवरा मागावर, ती घरी साड्यांचे धागे कापायची. आवाज असा की खटखट चालणाऱ्या मागांच्या वरून ऐकू यावा. तिची एकुलती एक लेक रेखा, अमळनेरकडे दिलेली, मी सांगतेय त्या वर्षी आखाजीला आली ती पोटुशी. श्रावणात दिवस भरत होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. बोलण्यासारखी होती ती आमची खाडी.

खाडी म्हणजे नावाला खाडी. वरच्या अंगाला कापड रंगवणाऱ्या गिरण्या होत्या, त्यांचं कोमट पाणी तिच्यातून वाहायचं. आज हिरवं, उद्या किरमिजी. कुठल्या रंगाच्या साडीला बाजारात मागणी आहे, हे आम्हाला व्यापाऱ्यांच्या आधी कळायचं. तळाला गाळ, चिंध्या, फाटक्या गोणपाटांचे थर. पाऊस जोराचा झाला की पाण्याला जायला वाटच नसे, मग ते आमच्याकडे यायचं. आणि पाऊसही त्या वर्षांत रीत सोडून वागायला लागला होता. आधी तो चार दिवस रिपरिपत राहायचा. आता आठवडा कोरडा जायचा आणि एका दुपारीत सगळं ओतून मोकळा व्हायचा. आदल्या श्रावणात असंच झालं, आणि नेमके त्याच दिवशी रेखाचे सासरे पाहुणे आले होते. ते खाटेवर पाय वर घेऊन बसले, खाली पाणी, पाण्यात त्यांची चप्पल तरंगतेय, आणि सिंधूजिजी गुडघाभर पाण्यात उभी राहून स्टोव्हवर त्यांचा चहा करतेय. त्यांनी चहा घेतला. नावं ठेवली नाहीत. पण पुढे रेखाला दिवस गेले तेव्हा सांगितलं की अशा घरात मी सुनेला बाळंत व्हायला पाठवणार नाही.

त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. म्हणूनच सिंधूजिजीला ते जास्त लागलं.

"मनी पोर पह्यला बाळंतपनले मायना घर नही येई, ते मी कसानी माय?" ती मला म्हणाली. मागणं एवढंच होतं, की पावसाआधी खाडीतला गाळ काढा, आणि काढलेला गाळ उचलून न्या. कारण दरवर्षी तो काढायचे आणि तिथंच काठावर ढीग घालून ठेवायचे. पहिल्या सरीत ढीग घसरून पुन्हा आत. हे बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची. काम केलंच नाही तर माणूस समजू शकतो. काम करून ते परत पाण्यात घालवायचं, याला काय म्हणावं?

त्या दिवसांत शहराचं फार कौतुक चाललेलं. प्लेगची साथ येऊन गेल्यावर पालिकेने रस्ते घासूनपुसून लख्ख केले होते, बाहेरगावचे लोक येऊन बोटं तोंडात घालत होते. ते खरंच होतं, मी नाही म्हणत नाही. फक्त तो झाडू आमच्यापर्यंत येता येता दमायचा. होळीच्या सुमाराला आम्ही आठ-दहा बायका पालिकेच्या झोन ऑफिसात गेलो. मॅट्रिक पास म्हणून पुढे मी. तिथले साहेब अतिशय सज्जन. बसा म्हणाले, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. पायात पांढरेशुभ्र बूट. शेवटी म्हणाले, "थई जशे, बेन. थई जशे."

होऊन जाईल. या दोन शब्दांनी माझी किती वर्षं खाल्ली आहेत! नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं. त्याच्या दारात बसता येतं, त्याच्या नावाने बोंबलता येतं. हो म्हणणाऱ्याचं काय करायचं? आम्ही हात हलवत परत आलो आणि वर त्यांचे आभार मानून आलो.

मग साहेबांनी स्वतः येऊन बघावं असं ठरलं. कधी यावं, हे त्यांनी आम्हालाच विचारलं. आता आमच्या भागात आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची वीज बंद असे. लाइटची सुट्टी म्हणायचे त्याला. तेवढा एकच दिवस माग थांबायचे, माणसं घरी असायची, आणि बोललेलं एकमेकांना ऐकू यायचं. आम्ही मोठ्या हुशारीने साहेबांना त्याच दिवसाचं बोलावणं केलं. सगळ्या गल्लीने हजर राहायचं, नीट समजावून सांगायचं. बायकांनी इस्त्रीच्या साड्या नेसल्या. रेखाचा बापही अंघोळ करून, टोपी घालून पुढे उभा.

साहेब आले. काठावर उभे राहिले. आम्हीही बघायला लागलो. खाडीत पाणीच नव्हतं. मधोमध करंगळीएवढी एक धार, तीही बऱ्यापैकी स्वच्छ. दोन्ही बाजूंना वाळून भेगाळलेला गाळ, त्यावर एक म्हैस निवांत बसलेली. लाइटची सुट्टी जशी आमच्या मागांना, तशी त्याच लाइनवरच्या रंगाच्या गिरण्यांनाही. इतकी वर्षं आम्ही त्या सुट्टीच्या दिवशी झोपा काढल्या, कपडे धुतले, सिनेमाला गेलो. त्या दिवशी खाडी कशी दिसते हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

"पण आमां पाणी ज क्यां छे?" साहेबांनी विचारलं. पाणीच कुठंय, हे चेष्टेने नव्हे, अगदी मनापासून.

"आज पानी काबर नही शे, व माय?" सिंधूजिजी माझ्याकडे वळून पुटपुटली. मी गिरण्यांचं समजावून सांगायला लागले. साहेबांनी मान डोलवली, आणि समोरच्या काठाकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "सामेवाळा कचरो नाखे छे." कचरा पलीकडचे टाकतात. आमच्यातल्या निम्म्यांना ते लगेच पटलं. नंतर कळलं की पलीकडच्या काठावर जाऊन ते आमच्याबद्दल हेच सांगून आले होते, आणि तिकडेही निम्म्यांना पटलं होतं.

गेल्या महिन्यात नातीने मला एका सभेला नेलं. एसी हॉल, पडद्यावर शहराचा रंगीत नकाशा, जास्त तापणारे भाग लाल, पाणी भरणारे निळे. लिंबायत लाल होतं आणि खाडीच्या कडेने निळं. हवामान बदलासाठी शहराचा आराखडा तयार होतोय, नागरिकांच्या सूचना हव्यात, असं एक तरतरीत तरुण अधिकारी सांगत होता. माझी नात धीट आहे. तिने उठून विचारलं, "ये सब कब तक होगा?" तो गोड हसून म्हणाला, "प्रोसेसमां छे." मी खुर्चीचा हात घट्ट धरला. साहेब बदलले, शब्द सुधारले, हॉल गार झाला, आणि माझ्या अंगाचा तसाच तिळपापड झाला. नात म्हणाली, आजी, तुझं बीपी वाढलंय का? मी म्हटलं, ते लिंबायतला असतानाच वाढलं.

पण त्या आखाजीला आम्ही एकदा जुन्या साहेबांना धरलं होतं. ते आठवलं की तेवढ्यापुरता राग निवतो.

आखाजीला पोरी गौराई बसवतात आणि मग ती पाण्यात बोळवतात. त्या संध्याकाळी दोन गावांच्या, दोन गल्ल्यांच्या बायका समोरासमोर उभ्या राहून गाण्यांतून एकमेकींना शिव्या घालतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कानांवर हात ठेवले. मग हळूहळू बोटं सैल केली. आमच्या इथे खाडीचे दोन काठ म्हणजे दोन गावं. पलीकडची पुढारी कौतिकबाई, अलीकडची सिंधूजिजी. वर्षभर त्या एकमेकींकडून विरजण नेत, आणि आखाजीच्या संध्याकाळी एकमेकींच्या सात पिढ्या उद्धारत. राग कुणी धरायचा नाही, हाच त्यातला नियम.

सिंधूजिजीने साहेबांना सणाचं जेवायला बोलावलं. ते सज्जन, नाही म्हणणं त्यांना जमतच नसे. खापरावरची पुरणपोळी, आमरस, वर तुपाची धार. त्यांनी पोटभर खाल्लं आणि रेखाला आशीर्वाद दिला. मग सिंधूजिजी म्हणाली, चला साहेब, आमची गौराई बोळवायची मजा बघा. त्या दिवशी लाइटची सुट्टी नव्हती. खाडी जांभळ्या पाण्याने काठोकाठ भरून, वाफा सोडत वाहत होती. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. पलीकडून कौतिकबाईने आरोळी दिली, "ओ सिंधूबाई, आज आपन दोन्ही एक! साहेबले धरा!"

आणि दोन्ही काठ एका माणसावर सुटले. सुरुवातीच्या ओव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. साहेब खदाखदा हसत होते. सुरतेच्या माणसाला शिवीचं काय नवल, तो तर मित्राला हाक मारतानाही आधी एक शिवी घालतो. पण मग सिंधूजिजीने चाल तीच ठेवून शब्द बदलले.

"होळीले म्हने व्हई जाई, उनी आखाजी,
साहेबना तोंडमा थई जशेनी भाजी!"

पलीकडून उत्तर आलं.

"गाळ काढसू म्हने साहेब, काढा नही गाळ,
थई जशे, थई जशे, असा गया काळ!"

मग रिकाम्या पिंजऱ्याची ओवी झाली. पाणी कुठंय म्हणाले त्याची झाली. पलीकडच्यांना आमचं नाव सांगितलं आणि आम्हाला पलीकडच्यांचं, त्याची तर दोन्ही काठांनी मिळून झाली. शेवटी,

"रस खादा, पोळी खादी, मिशीले लागनं तूप,
गाळनं नाव काढं का साहेब व्हस चूप!"

साहेबांनी नकळत मिशीवर हात फिरवला आणि दोन्ही काठ हसून लोळले. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शिव्यांनी जो माणूस हसला, तो स्वतःचेच शब्द परत ऐकून कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. "हवे बस करो, बेन," ते म्हणाले. बस कोण करतंय? रेखाही झोक्यावरून ताल धरून गात होती, एक हात दोरावर, एक पोटावर. इतकी आनंदी मी तिला लग्नातही पाहिली नव्हती. पुढे बरेच दिवस आमच्या भागात पालिकेची गाडी दिसली की कुणीतरी हटकून ती भाजीची ओवी म्हणायचं.

थोड्याच दिवसांत खाडीत मशीन उतरलं. घरघर करत गाळ काढू लागलं. आम्ही पोरांसारख्या काठावर उभ्या राहून बघत होतो. गाळ निघाला, आणि काठावर त्याचे ढीग लागले. मग मशीन निघून गेलं. ढीग तिथेच. मी पुन्हा झोन ऑफिस गाठलं. साहेब उठून उभे राहिले, बसा म्हणाले, पाणी मागवलं. ट्रक येणार आहेत, उचलून नेणार आहेत, या वर्षी नक्की. कधी? "थई जशे, बेन."

त्याच आठवड्यात रेखाचे सासरे तिला न्यायला आले. बाहेर ढग जमायला लागलेले. त्यांनी दारातूनच काठावरचे ढीग पाहिले. सिंधूजिजीने त्यांना सगळं सांगितलं, मशीन आलं, गाणं झालं, ट्रक येणार. म्हातारा शांतपणे ऐकत होता.

"याहीनबाई," तो म्हणाला, "तुमना शबदवर मना भरोसा शे. साहेबना शबदवर नही."

रेखा म्हणाली, "माय, मी ऱ्हासू. पानी उनं ते खाटवर बठसू."

सिंधूजिजीने तिच्याकडे पाहिलं, ढिगांकडे पाहिलं. "पानीमा खाटवर बाळंत व्हशी का?" ती म्हणाली, आणि स्वतःच लेकीची पिशवी भरायला बसली. अजवायन, कुटलेला डिंक, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी. दुपटी भरली आणि परत काढून घेतली. ती इथंच राहू दे म्हणाली. पॅसेंजर गेली तेव्हा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत ती फलाटावर उभी होती.

त्यानंतर काही दिवसांनी ट्रक आले. खरोखर आले. सगळा गाळ भरून घेऊन गेले, ओंजळभरसुद्धा मागे ठेवला नाही.

का आले, हे मला आजही माहीत नाही. गाण्यामुळे? वरून कुणी डोळे वटारले म्हणून? नुसतेच ठरलेले होते म्हणून? कुणी सांगितलं नाही. आणि माझा खरा संताप इथे आहे. यांनी काम केलं नाही तर का केलं नाही हे कळत नाही, आणि केलं तरी का केलं हे कळत नाही. मग माणसाने विसंबायचं कशावर? घरात कुणी आजारी असतं, कुणी बाळंत व्हायचं असतं, कुणाला गव्हाची कोठी खाली ठेवायची की माळ्यावर हे ठरवायचं असतं. पाणी येणार की नाही, एवढंच आधी कळायला हवं असतं. त्या एसी हॉलमध्ये मला हे बोलायचं होतं. माइक माझ्यापर्यंत आला तेव्हा वेळ संपला होता.

त्या श्रावणात पाऊस आला तो आदल्या वर्षीपेक्षा वाईट. दुपारभर धो धो. आम्ही सवयीने कोठ्या खाटेवर चढवल्या, गाद्या वर टांगल्या, पोरांना माळ्यावर बसवलं आणि दारात उभ्या राहिलो. खाडी फुगली, पायरीपाशी आली, आणि तशीच पुढे निघून गेली. वाट होती ना तिला. पाऊस थांबला तेव्हा गल्लीत लोक नाचत होते. मी सिंधूजिजीकडे गेले. ती खोलीच्या मधोमध जमिनीवर बसली होती. जमीन खडखडीत कोरडी. आढ्याला पाळण्याची कडी तिने चैत्रातच ठोकून घेतली होती. कोपऱ्यात दुपट्यांची घडी. ती जमिनीवरून तळहात फिरवत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

अमळनेरहून गाडीने आलेल्या माणसाने निरोप आणला तो दोन दिवसांनी. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. सिंधूजिजीने गल्लीत पेढे वाटले. आणि त्याच सकाळी, कुणी न बोलावता, साहेब आले. पांढरे बूट चिखलातून सांभाळत आले, दारात उभे राहिले, खोलीतली कोरडी जमीन त्यांनी डोळे भरून पाहिली. त्यांना आनंद झाला होता, खराखुरा. आमच्याकडून एक चांगला शब्द ऐकायला तो माणूस एवढ्या लांब आला होता.

"जुओ बेन," ते म्हणाले, "थई गयुं ने?"

सिंधूजिजीने त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

"व्हयनं, साहेब," ती म्हणाली. आवाज एवढा हळू, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "पन 'यंदा मी खरं बोली राह्यनू', हाई तरी तुम्ही आधी सांगानं व्हतं."

साहेब पेढा हातात धरून उभे राहिले. आता ते नेहमीचे दोन शब्द म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी पेढा रुमालात गुंडाळला आणि बूट न सांभाळता चिखलातून परत गेले.